सात नंबरचा मेंटेनन्स

आमच्या डायलिसिस युनिटमध्ये दोन गोष्टी रोज साचतात. एक म्हणजे मशीनच्या औषधी पाण्याचे रिकामे पांढरे डबे, अन् दुसरे किस्से. डबे तरी लोक मागून नेतात. कोणी घरी पाणी भरायला, कोणी तुळस लावायला. आमच्या लिफ्टवाल्यानं तर दोन डबे बांधून बसायचं स्टूल केलं. किस्से कोणी नेत नाही. ते माझ्याच डोक्यात एकावर एक रचलेले आहेत, अन् आता वरचा छताला लागला. म्हणून थोडे इथे उतरवून ठेवतो. जागा झाली तर झोप तरी येईल!

मी कोण? दारावर पाटी आहे, "युनिट अॅडमिनिस्ट्रेटर". पाटी इंग्रजीत आहे, ती नीट वाचायला मला आठवडा लागला. आठवी पास आहे मी. नववीशी माझं पटलं नाही. रायपूरच्या या दवाखान्यात स्ट्रेचर ढकलायला लागलो होतो. ढकलता ढकलता सगळ्या मजल्यांचे दरवाजे, सगळे डॉक्टर अन् सगळ्यांच्या खोड्या पाठ झाल्या. एक दिवस मोठ्या डॉक्टरसाहेबांनी बोलावलं. म्हणाले, "काकाजी, दहा मशीन आहेत. पेशंट भांडतात, सिस्टर चिडतात, अन् मले दवाखाना सोडून पंचायत करावी लागते. तुम्ही बसा."

बसलो. तेव्हापासून उठायचं राहून गेलं.

काम तसं सोपं आहे. सकाळी साडेसहाला यायचं. पाणी शुद्ध करायचा प्लांट चालू आहे का पाहायचं. कोण आलं, कोण नाही, कोणत्या मशीनवर कोण, कोणाच्या कार्डाची मुदत संपली, हे रजिस्टरात लिहायचं. अन् मग दिवसभर एकच वाक्य बोलायचं: "जागा नाही." हे वाक्य मी मराठीत, हिंदीत अन् छत्तीसगढीत बोलू शकतो. इंग्रजीत साहेब बोलतात.

* * *

ज्याच्या किडन्या थकल्या, त्याचं रक्त मशीन धुऊन देते. चार तास लागतात. आठवड्यातून दोनदा यायचं, अन् ते जन्मभर. आमच्याकडे दोन पाळ्या आहेत, सकाळची अन् संध्याकाळची. सोमवार-गुरुवारची सकाळची पाळी ही माझी सगळ्यात लाडकी अन् सगळ्यात वात आणणारी.

पेशंट आला की आधी वजन. मधल्या दिवसांत जेवढं पाणी प्यायलं, तेवढं अंगात साचतं, अन् काटा ते बरोबर सांगतो. जास्त पाणी काढावं लागलं की पायात गोळे येतात, अन् त्याआधी कुजूर सिस्टरचं बोलणं खावं लागतं. ही आमची इनचार्ज, जशपूरची. उंची कमी, पण आवाज असा की मशीनचे अलार्म लाजतात. म्हणून काट्यावर चढताना सगळे चोर होतात.

सहा नंबरचे सेठजी, गोल बाजारात साड्यांचं दुकान. एका सोमवारी काट्यापुढे आले. चप्पल काढली. घड्याळ काढलं. पट्टा काढला. खिशातली किल्ल्यांची जुडी माझ्या हातात दिली.

"सेठजी, पानी कितना पिया?" सिस्टर.

"कसम से बहनजी, बस दो कप चाय!"

मी मागून हळूच म्हटलं, "सेठजी, चश्मा भी उतारिए. काँच भारी होता है."

चष्मा उतरवला. मी म्हटलं, "और दाँत?"

गंमत केली होती हो मी! पण सेठजी भिंतीकडे वळले, कवळी काढली, रुमालात गुंडाळली अन् ती पण माझ्या हातात ठेवली. काट्यावर चढले. काटा काही हलला नाही, होतं तेवढं वजन दाखवून मोकळा झाला.

सिस्टरनं काट्याकडे पाहिलं, रुमालाकडे पाहिलं. म्हणाली, "दाँत तो आपने निकाल दिए. पानी भी आप ही निकालेंगे, कि मैं मशीन लगाऊँ?"

आख्खा हॉल हसला. मग पुढचे चार तास सेठजींच्या पायात गोळे येत होते, अन् पाय दाबायला मीच बसलो होतो. माझ्या गमतीचं बिल मलाच येतं, नेहमीच!

* * *

आता बेंचची गोष्ट सांगावी लागेल, नाहीतर पुढचं समजणार नाही.

हॉलच्या दाराबाहेर एक लोखंडी बेंच आहे. ज्याला पक्की जागा नाही, तो तिथे बसतो. कोणी आलं नाही, कोणी गावाला गेलं, तर त्याची मशीन त्या दिवशी बेंचवाल्याला. सगळे आले तर बेंचवाल्यानं घरी जायचं, अंगातलं पाणी अंगात घेऊन.

तीन महिने त्या बेंचवर फुलबाई बसत होती. अभनपूरच्या पुढच्या गावची, पन्नाशीची, भाजीची छोटी बाडी. पोरगा दूर कामाला. पहाटेच्या पहिल्या बसनं यायची, सहाला बेंचवर हजर. संध्याकाळच्या पाळीत जागा होती, पण ती सुटते आठला, अन् तिच्या गावची शेवटची बस साडेपाचला. एकदा संध्याकाळी करून पाहिलं तिनं, तर बसस्टँडवर बसून उजाडलं. म्हणून तिला सकाळचीच पाहिजे होती. अन् सकाळी दहाच्या दहा मशीन भरलेल्या. दोनदा असं झालं की लागोपाठ जागा मिळाली नाही, अन् तिसऱ्या खेपेला तिला धाप लागली म्हणून उचलून आयसीयूत न्यावं लागलं. डॉक्टरसाहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, "काकाजी, हिले पक्की जागा पाहा. असं रोजचं नाही चालणार. एखाद्या दिवशी बसमध्येच जाईल ही."

कुठून पाहू? मशीन काय खिशात ठेवतो मी?

एका गुरुवारी सगळे आले. मी दारात जाऊन, सवयीप्रमाणे दात काढत म्हटलं, "फुलबाई, आज सगळेच जिवंत आहेत गं! काय करू?"

ती उठली. पदर सारखा केला. म्हणाली, "सब्बो झन जियत रहंय काकाजी. मैं फेर आहूँ."

म्हणजे, सगळे जगोत, मी परत येईन. अन् सुजलेले पाय ओढत जिना उतरली. लिफ्टनं नाही गेली, लिफ्टमध्ये तिला भीती वाटायची.

असा विनोद मी पुन्हा केला नाही. म्हणजे केला, पण तिच्यावर नाही.

* * *

चार नंबरवर वझलवार मास्तर. चौबे कॉलोनीत घर, रिटायर होऊन पंधरा वर्षं झाली, पण अजून सगळ्यांचे पेपर तपासायची सवय. रजिस्टरातली माझी चूक लाल पेनानं दुरुस्त करतात! सहा वर्षं चार नंबरवर आहेत, म्हणजे हॉलमध्ये सगळ्यात जुने.

मास्तरांचा एक कार्यक्रम होता. सुया लागल्या, मशीन सुरू झाली की उजव्या हातात पेपर धरायचा अन् मोठ्यानं वाचायचं. राजकारण नाही, क्रिकेट नाही. सरळ निधनवार्ता!

कुजूर सिस्टर एकदा तडकली. "मास्टरजी, यहाँ बीमार लोग लेटे हैं. ये क्या पढ़ते हो सुबह-सुबह?"

मास्तर शांतपणे म्हणाले, "सिस्टर, हजेरी घेऊन राहिलो. वर्गातलं कोणी सुटलं का, ते पाहून घेतो."

सात नंबरचे ठाकूरसाहेब सगळ्यात जोरात हसायचे. जंगल खात्यातून रिटायर झालेले, झुपकेदार मिशा. म्हणायचे, "मास्टर, मेरा नाम आए तो ज़ोर से पढ़ना. मूँछ का ज़िक्र ज़रूर करना!"

एका गुरुवारी मास्तरांनी पेपर उघडला. आम्ही सगळे वाट पाहत होतो. त्यांनी एक पान पाहिलं, दुसरं पाहिलं, पेपरची बारीक घडी केली अन् उशीखाली सरकवली.

सात नंबर रिकामा होता. मी समजत होतो की ठाकूरसाहेबांना उशीर झाला. त्यांच्या घरचा फोन मला त्यानंतर आला. मंगळवारी, घरीच, झोपेत गेले.

* * *

इथे आमच्या युनिटची एक रीत सांगतो. कोणत्या कागदावर नाही, कोणी केली माहीत नाही. ज्याची मशीन तो गेला, की तेरा दिवस त्या मशीनवर कोणी झोपत नाही. नव्या पेशंटला कोणी सांगत नाही, तरी त्याला कळतं. मशीनवर पांढरी चादर टाकतात. कुजूर सिस्टर ख्रिस्ती आहे, रविवारी चर्चमध्ये जाते, पण चादर तीच टाकते. अन् रजिस्टरात काय लिहायचं? माणूस गेला म्हणून मशीन सुट्टीवर आहे, असं तर लिहिता येत नाही. म्हणून मी लिहितो: "मेंटेनन्स".

मागच्या वर्षी अशीच तीन नंबर मेंटेनन्समध्ये होती. हेड ऑफिसनं माझं रजिस्टर पाहिलं अन् कंपनीचा इंजिनीअर पाठवला, थेट नागपूरहून. भला माणूस. आल्या आल्या चादर काढली, मशीन उघडली. नळ्या पाहिल्या, पंप पाहिला, सगळे अलार्म वाजवून पाहिले. तीन तास घामाघूम! आम्ही चहा देतो, तो घेत नाही. इज्जतीचा प्रश्न झाला त्याच्या.

शेवटी स्क्रू-ड्रायव्हर ठेवला अन् म्हणाला, "काकाजी, मशीन तर एकदम ठीक आहे! काहून बंद ठेवली?"

मी म्हटलं, "साहेब, या मॉडेलचं असंच आहे. तुम्ही उगाच हात नका लावू. तेराव्या दिवशी आपोआप ठीक होते."

त्यानं ते डायरीत लिहून घेतलं!

* * *

तर सात नंबर रिकामी झाली. हॉल सुन्न होता, पण माझं काम तर सुरूच असते. मी दारात गेलो. फुलबाई बेंचवर होती. त्या दिवशी बाकी नऊच्या नऊ हजर.

मी म्हटलं, "फुलबाई, चल. सात नंबर आता तुझी. पक्की."

तिनं आत पाहिलं. सिस्टर चादर टाकत होती.

"नइ काकाजी. ठाकुर साहेब के तेरही होवन दे."

मी सांगितलं, रीत आपली आहे, आपणच मोडू. मी सांगितलं, ठाकूरसाहेब मोठ्या मनाचे होते. मी सांगितलं, तुझ्या पायाकडे पाहा. मग मी ओरडलो सुद्धा. थकतो हो माणूस! तीन महिने जिच्यासाठी जागा शोधून राहिलो, तिला जागा मिळाली, तर ती बसत नाही!

ती म्हणाली, ठाकूरसाहेब रोज आत जाताना बेंचजवळ थांबायचे, विचारायचे, कैसे हस फुलबाई. तेवढंच. पण थांबायचे. अन् त्यांची चादर सरळ नाही झाली तोच त्यांच्या जागेवर चढू?

कुजूर सिस्टरला बोलावलं, म्हटलं तू समजाव. सिस्टरनं तिचं बीपी घेतलं, पाय दाबून पाहिला, मिठाला हात लावायचा नाही अन् पाणी मोजून प्यायचं म्हणून दम दिला. अन् मला म्हणाली, "काकाजी, ये नहीं मानेगी. मैं होती तो मैं भी नहीं मानती."

फुलबाई त्या दिवशी तशीच परत गेली. मी हिशेब केला. तेरावं रविवारी. मधे एक सोमवार अन् एक गुरुवार. दोन्ही दिवस सगळे आले तर? मी पाटीखाली बसून राहिलो. चहा आला, थंड झाला, साय धरली.

* * *

सोमवारी सकाळी पावणेसातला मास्तरांचा फोन.

"काकाजी, मी आज सकाळी नाही येत. संध्याकाळच्या पाळीत टाका मले."

"काहून हो मास्तर? तब्येत?"

"तब्येतीले काय धाड भरली! पुतण्याचा साखरपुडा आहे. तेलीबांध्याले, हॉलमध्ये. सकाळचा मुहूर्त आहे."

सहा वर्षांत मास्तरांनी एकदाही पाळी बदलली नव्हती. पण माझ्या डोक्यात तेव्हा एकच गोष्ट: चार नंबर रिकामी! धावत बेंचवर गेलो. फुलबाई बसलेली. चढवलं तिला. चार तासांत अंगातलं पाणी उतरलं, चेहरा माणसासारखा दिसायला लागला.

पाळी बदलली की रजिस्टरात "कारण" लिहावं लागतं. मी लिहिलं: साखरपुडा.

संध्याकाळी मास्तर आले. टीव्ही मोठा, ओळखीचं कोणी नाही, निधनवार्ता ऐकायला पण कोणी नाही. तोंड कडू करून पडले होते. मी जाऊन खुर्ची ओढली.

"काय मास्तर, कसा झाला साखरपुडा?"

"कोणाचा?" मास्तर म्हणाले.

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी छताकडे पाहिलं. मग एकदम मास्तरी आवाजात म्हणाले, "जा न आता! रजिस्टर लिहा आपलं. अन् साखरपुड्यातला 'पु' ऱ्हस्व लिहा, मागच्या वेळेस दीर्घ केला होता!"

मागच्या वेळेस कधी साखरपुडा लिहिला होता मी?

* * *

मंगळवारी हेड ऑफिसच्या मॅडम आल्या. देशकर मॅडम, ऑपरेशन्स बघतात. पोरगी आपली मराठीच, पण आपण मराठीत विचारायचं अन् तिनं हिंदीत उत्तर द्यायचं, असा आमचा करार आहे.

लॅपटॉप उघडला. "काकाजी, मैंने पूरे साल का डेटा देखा. मशीन कोई भी हो, बंद होती है तो ठीक तेरह दिन. न बारह, न चौदह. बताइए, मैं कंपनी को क्या लिखूँ?"

मी म्हटलं, "लिहा की मशीन चांगली आहे, पण फार धार्मिक आहे."

हसली नाही. मग मी सगळं सांगितलं. चादर, फुलबाई, बस, सगळं. माझ्या आवाजात मस्करी उरली नव्हती, मला स्वतःलाच ऐकू येत होतं ते. मी म्हटलं, पाहिजे तर माझं नाव लिहा, मला काढून टाका, माझे गुडघे तुमचे आभार मानतील.

मॅडमनं लॅपटॉप बंद केला. मग विचारलं, "तेरावं कधी आहे?"

मराठीत! चार वर्षांत पहिल्यांदा!

"रविवारी."

कपाळाला हात लावला तिनं. पुन्हा हिंदीवर गेली, म्हणजे बातमी वाईट. वरून फोन आला होता. कोण्या मोठ्या साहेबांचे सासरे, त्यांना सकाळची जागा पाहिजे. सात नंबर रिकामी आहे हे वर सगळ्यांना माहीत आहे. गुरुवारी येणार. "वो लेट गए, तो मशीन उनकी हो जाएगी. मैं नहीं रोक सकती, काकाजी." उठली, दारापर्यंत गेली, वळली. "हाँ, उनको खुद पसंद न आए, तो अलग बात है."

अन् गेली. मी म्हणतो, ही पोरगी पुढे जाईल!

* * *

गुरुवार. सहाला सेठजींचा फोन. "काकाजी, आज शाम को आऊँगा. दुकान में पूजा है."

मी "कोणती पूजा" असं विचारलं नाही. कारणात लिहिलं: पूजा. सहा नंबरवर फुलबाईला चढवलं. शेजारी सात नंबर, चादर घातलेली.

साडेसातला सासरेबुवा आले. सफारी सूट, मागे ड्रायव्हर, ड्रायव्हरच्या हातात उशी. माणूस वाईट नव्हता, आजारी होता अन् घाबरलेला होता. पहिली पहिली डायलिसिस, हात थंड. मला त्याची दया आली. पण दया अन् सात नंबर या दोन वेगळ्या गोष्टी.

"ये वाली है?" त्यांनी विचारलं.

"जी, यही."

"यहाँ पहले कौन था?"

आता खोटं बोलायचं नाही हा माझा नियम आहे. "ठाकुर साहब थे. बहुत भले आदमी. बड़ी शांति से गए."

"गए? मतलब, घर गए?"

"जी, घर पे ही."

मी खोटं बोललो का? एक अक्षर नाही! सासरेबुवा थोडे मागे सरकले. तेवढ्यात चार नंबरवरून मास्तर, डोळे मिटलेले, झोपेत बोलावं तसे बोलले, "भाई साहब, ज़रा पाँव देख के. उनकी चप्पल वहीं है अभी."

सगळ्यांनी खाली पाहिलं. पलंगाखाली चपलांचा जोड होता. सासरेबुवांच्या अंगावर काटा उभा राहिलेला मला दिसला.

चपला माझ्या होत्या. गुडघे दुखतात म्हणून मी आत स्लीपर घालतो.

फुलबाई सहा नंबरवर पडल्या पडल्या हसत होती, इतकी की तिची मशीन वाजायला लागली. सिस्टर धावली, ओरडली, "हिलना नहीं!" अन् स्वतःच तोंडावर मास्क ओढून घेतला.

सासरेबुवा म्हणाले, "शाम को कोई जगह है क्या? मेरे पास गाड़ी है, मुझे तो कोई दिक्कत नहीं."

संध्याकाळी त्यांना पाच नंबर दिली, टीव्हीसमोरची. पहिल्या दिवशी चार तास मी शेजारी बसलो, हात धरून. एवढं तर करावंच लागतं. आता ते तिथे रमले आहेत, अन् टीव्हीचा रिमोट कोणाला देत नाहीत.

* * *

रविवारी ठाकूरसाहेबांकडे जेवून आलो. सोमवारी कुजूर सिस्टरनं चादर काढली, घडी केली. फुलबाईनं मशीनला हात लावून कपाळाला लावला अन् चढली. मी रजिस्टरात सात नंबरपुढे तिचं नाव पेननं लिहिलं. तोवर तिचं नाव मी पेन्सिलीनं लिहीत होतो.

मास्तर म्हणाले, "काय गं, जमून राहिलं का?"

"हव. खिड़की ले हवा आवत हे."

मला वाटलं, झालं. आता तरी दोन दिवस बरे जातील. त्या दिवशी मी घरी लवकर गेलो, तर बायकोनं विचारलं, आजारी आहात का?

* * *

आता शेवटचा सांगतो अन् उठतो.

त्याच्या पुढच्या आठवड्यातला गुरुवार. मी साडेसहाला आलो, तर बेंचवर एक नवा माणूस. चाळिशीचा, बलौदाबाजारकडचा, गुंड्या चुकीच्या लावलेल्या, हातात कागदांची पिशवी, पाय टम्म सुजलेले. डॉक्टरसाहेबांची चिठ्ठी: सकाळची जागा बघा. मी तोंड उघडलं, माझं ते नेहमीचं वाक्य बोलायला, तेवढ्यात फोन वाजला.

फुलबाई होती. फोनमध्ये मागून आमच्याच लिफ्टवाल्याचा आवाज येत होता.

"काकाजी, आज मैं सांझ के आहूँ."

मी म्हटलं, "काहून? सांजेला काहून? बस?"

"घर म पहुना आए हे."

"कोण पाहुणे?"

"तुमन नइ चिन्हव," ती म्हणाली, म्हणजे तुम्ही नाही ओळखत, अन् फोन ठेवला.

मी रजिस्टर उघडलं. सात नंबरपुढे, कारणाच्या रकान्यात लिहिलं: पाहुणे. मग त्या माणसाला हाताला धरून उठवलं, काट्यावर नेलं, सातवर चढवलं. सिस्टर सुया घेऊन आली.

चार नंबरवरून मास्तर पेपर खाली करून पाहत होते. म्हणाले, "काकाजी, फुलबाई काहून नाही आली?"

"घरी पाहुणे आले म्हणे."

"असं का? कुठून आले?"

मी म्हटलं, "बलौदाबाजारहून."